खोल्या वाढल्या, बागेचे काय?

२०२५ सालच्या पहिल्या पाच महिन्यांत कोकण किनाऱ्याशी थेट संबंध असलेल्या तीन घटना घडल्या. १ फेब्रुवारीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात घरगुती निवासव्यवस्था, म्हणजेच ‘होम स्टे’, चालविणाऱ्यांना मुद्रा योजनेतून कर्ज देण्याची घोषणा झाली. तोच फेब्रुवारी महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. आणि एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा मोसमी पाऊस २५ मे रोजीच तळकोकणात दाखल झाला. पहिल्या बातमीचे स्वागत झाले, दुसरी हवामानाच्या रकान्यात गेली आणि तिसरीने मुंबईकरांची तारांबळ उडवली. मात्र ज्या कुटुंबाची समुद्रालगत नारळ-पोफळीची वाडी आहे, वर कातळावर आंब्याची कलमे आहेत आणि घराच्या मागे पाहुण्यांसाठी बांधलेल्या चार खोल्या आहेत, त्याच्या दृष्टीने या तीन वेगळ्या बातम्या नव्हत्या. वसंताच्या तोंडावर खोल्या वाढविण्यास कर्ज मिळणार, पण ज्या बागेच्या जोरावर त्या खोल्या भरतात तिचा मोसम दोन्ही टोकांनी आखडत चालला आहे, असा त्यांचा एकत्रित अर्थ होता.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कोकणातील घरगुती पाहुणचाराने मोठी मजल मारली, यात शंका नाही. परंतु या व्यवसायाची चर्चा नेहमी खोल्यांची संख्या, रस्ते आणि विमानतळ यांभोवतीच फिरते. पाहुणा ज्या बागेत येऊन बसतो, तिचे पाणी, तिचे मजूर, तिच्यावरील फवारणी आणि तिचे भवितव्य हा विषय कृषी खात्याचा मानला जातो. एकाच घरातील एकाच मोसमाचे असे दोन तुकडे केल्यामुळे काय होते, हे पाहण्यासाठी फाल्गुन ते वैशाख या काळासारखा दुसरा काळ नाही.

मनीऑर्डरपासून खोलीभाड्यापर्यंत

कोकणातील घरे दीर्घकाळ मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर चालली. गिरण्या, गोदी, कचेऱ्या यांतून मिळणाऱ्या पगाराचा हिस्सा गावी येई आणि बाग ही पोटापुरते व सणापुरते देणारी जोड असे. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग लागवड योजनेने हे चित्र काही अंशी पालटले. पडीक कातळावर आंबा आणि काजूची कलमे उभी राहिली. १९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेने राहत्या घरातील एक-दोन खोल्या पाहुण्यांना देण्यास अधिकृत रूप दिले.

दिवेआगर, हरिहरेश्वर, आंजर्ले, मुरूड, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली, देवबाग ही नावे पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाच्या तोंडी रुळली ती याच काळात. या गावांनी दिलेली सोय हॉटेलची नव्हती. माजघरात पाट मांडून वाढलेले जेवण, सकाळी घावणे किंवा आंबोळ्या, दुपारी सोलकढी, फाल्गुनात ओल्या काजूची उसळ, चैत्रात कैरीचे पन्हे आणि आंबेडाळ अशी ती सोय होती. पाहुणा पैसे देत होता ते खोलीचे, पण येत होता तो वाडीतल्या सावलीसाठी आणि ताटातल्या चवीसाठी. सावली आणि चव ही दोन्ही बागेची उत्पन्ने होती. त्यांचा वेगळा हिशेब कोणी मांडला नाही, कारण तेव्हा त्याची गरज भासली नाही.

या व्यवसायाचा कणा घरातील स्त्रिया आहेत. पहाटे चूल किंवा गॅस पेटवण्यापासून रात्री शेवटच्या पाहुण्याचे अंथरूण घालण्यापर्यंतचे काम बहुतेक ठिकाणी त्याच करतात. शासनाने २०२३ साली महिलांच्या पर्यटन उद्योगांसाठी ‘आई’ हे स्वतंत्र धोरण आणले आणि कर्जावरील व्याजाच्या परताव्याची तरतूद केली, ती योग्यच म्हटली पाहिजे. तथापि वसंतात याच स्त्रियांच्या हातांना आणखी एक काम असते. त्याची दखल या धोरणांतून फारशी घेतली गेलेली नाही.

दोन मोसम, एकच घर

हापूसच्या कलमाला थंडीची चाहूल लागली की मोहोर फुटू लागतो. मोहोरापासून फळ काढणीस येईपर्यंत साधारण साडेतीन ते चार महिने जातात. हा सगळा काळ बागायतदाराच्या दृष्टीने जागरणाचा असतो. तुडतुडे, फुलकिडे आणि भुरी यांपासून मोहोर वाचवण्यासाठी ठरावीक अंतराने फवारण्या कराव्या लागतात. हापूसच्या मोहोरात फळ धरू शकणाऱ्या संयुक्त फुलांचे प्रमाण मुळातच कमी असते आणि परागीभवन माश्या व इतर कीटकांवर अवलंबून असते. म्हणजे फवारणी चुकली तरी नुकसान आणि अवेळी झाली तरी नुकसान. फळ वाटाण्याएवढे झाले की उष्णतेने गळ होण्याची धास्ती, सुपारीएवढे झाले की माकडांची आणि पाडाला आले की वादळवाऱ्याची. मार्च-एप्रिलमध्ये झेल्याने काढणी, प्रतवारी, पेंढा घालून पेट्या भरणे आणि त्या वेळेत वाशीच्या बाजाराला रवाना करणे, यात घरातील प्रत्येक माणूस गुंततो. अनेक बागांत राखणीला आणि काढणीला नेपाळहून आलेले कामगार असतात, कारण गावातील तरुण मनुष्यबळ केव्हाच शहरात गेले आहे.

नेमक्या याच आठवड्यांत पाहुण्यांचा ओघ सुरू होतो. शिमग्याला चाकरमानी गावी येतात, ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते आणि कोकणातला शिमगा पाहण्यासाठी बाहेरचे पर्यटकही येतात. पुढे गुढीपाडवा, रामनवमी, गुड फ्रायडेच्या जोडसुट्ट्या आणि एप्रिलच्या मध्यापासून शाळांच्या परीक्षा संपल्यावर येणारी कुटुंबे. काजूच्या बिया वेचायच्या असतात तेव्हाच न्याहारीची दहा ताटे वाढायची असतात. वेंगुर्ले-सावंतवाडी भागात सुरंगीच्या कळ्या उमलण्याआधी पहाटे काढाव्या लागतात आणि तीच पाहुण्यांच्या पहिल्या चहाची वेळ असते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात खळ्यात आमसुले वाळवायची, आंबापोळी आणि फणसपोळी घालायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. आज अनेक घरांसमोरच्या त्याच खळ्यात पाहुण्यांच्या मोटारी उभ्या असतात. वाळवण गच्चीवर गेले किंवा बंदच झाले. आमसुले बाजारातून आणून सोलकढी करणाऱ्या घरांची संख्या वाढत आहे, हे पाहुण्याच्या लक्षात येत नसले तरी घरातल्या बायकांच्या लक्षात आलेले असते.

फवारणीचा प्रश्न तर त्याहून अवघड आहे. शुद्ध हवेसाठी आलेल्या पाहुण्याला मोहोराखाली खुर्ची हवी असते आणि नेमक्या त्याच झाडावर दुसऱ्या दिवशी औषध मारायचे असते. औषध मारल्यानंतर काही काळ बागेत कोणी फिरू नये, हा साधा सुरक्षिततेचा नियम आहे. शनिवार-रविवार पाहुण्यांसाठी राखला तर फवारणी पुढे जाते आणि ढगाळ हवा असेल तर तेवढ्या दोन दिवसांत रोग पसरतो. फवारणी वेळेवर केली तर पाहुणा नाराज होतो. बागायतदार यातून जमेल तसा मार्ग काढतात. कोणी घराभोवतीची कलमे फवारणीविना सोडून देतात आणि तेवढे उत्पन्न गेले असे समजतात. कोणी ती बाग व्यापाऱ्याला कराराने देऊन मोकळे होतात. दुसऱ्या मार्गात पैसे आधी हाती येतात, पण बाग आणि घर यांचा संबंध तिथेच सुटू लागतो.

एकाच वाशावर दोन छपरे

बाग आणि खोल्या ही दोन स्वतंत्र उत्पन्ने असल्याने एक बुडाले तरी दुसरे तारील, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. आंब्याचे वर्ष वाईट गेले तरी खोल्यांच्या भाड्यावर घराने वर्ष काढल्याची उदाहरणे गावोगाव सापडतील. उलटही घडले. २०२० च्या टाळेबंदीत ऐन आंब्याच्या मोसमात पर्यटन शून्यावर आले. बाजाराची साखळी विस्कळीत झालेली असताना अनेक बागायतदारांनी पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांपर्यंत थेट पेट्या पोहोचवल्या. या थेट विक्रीत वर्षानुवर्षे राहून गेलेल्या पाहुण्यांची ओळख कामी आली. खोलीने जोडलेले नाते आंब्याने वसूल केले, असे म्हणता येईल.

परंतु हवामानाचा तडाखा बसतो तेव्हा ही दोन्ही उत्पन्ने एकाच वेळी खाली येतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला धडकले. घरांची छपरे उडाली आणि त्याच तासाभरात नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. ‘श्रीवर्धनी रोठा’ म्हणून नावाजलेल्या सुपारीच्या बागा त्यात होत्या. पुढच्याच वर्षी मेच्या मध्याला ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर गेले आणि झाडावरचा उरलेला आंबा जमिनीवर आला. फळपीक विम्याच्या संरक्षणाचा काळ मेच्या मध्याला संपत असल्याने तो वाढवावा, अशी मागणी बागायतदारांनी वारंवार केली आहे. २०२२ चा मार्च हा त्या वेळेपर्यंतच्या नोंदींतील देशातील सर्वांत उष्ण मार्च होता. २०२३ च्या फेब्रुवारीने कमाल तापमानाचा विक्रम मोडला आणि २०२५ च्या फेब्रुवारीने सरासरी तापमानाचा. थंडी उशिरा आली की मोहोर लांबतो, आणि फळधारणेच्या वेळी उष्णता अचानक वाढली की कोवळी फळे गळतात. मेच्या अखेरीस पाऊस आला तर शेवटच्या टप्प्यातील आंबा, वाळत घातलेली आमसुले आणि मेअखेरच्या सुट्टीची आरक्षणे ही तिन्ही एकदम हातची जातात.

वादळाने शिकवलेला आणखी एक धडा विसरता कामा नये. ‘निसर्ग’मध्ये उडालेली छपरे पुढच्या पर्यटन मोसमापूर्वी बहुतांशी पुन्हा घातली गेली. कोलमडलेला माड मात्र कोणी उभा करू शकला नाही. नवे रोप लावले तर नारळ किंवा पोफळ धरायला पाच-सात वर्षे जातात आणि आंब्याच्या कलमाकडून भरघोस उत्पन्न यायला दहाएक वर्षे. खोली सहा महिन्यांत बांधून होते आणि बांधून झालेल्या दिवसापासून पैसे देऊ लागते. पडलेल्या वाडीच्या जागी पुन्हा वाडी करायची की चार खोल्या बांधायच्या, असा प्रश्न पडलेल्या कर्जबाजारी कुटुंबाने खोल्यांकडे कौल दिला, तर त्याला दोष देता येणार नाही. त्या कुटुंबाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचाच असतो. पण आळीतल्या प्रत्येक घराने तोच निर्णय घेतला की गावात खोल्या उरतात आणि ज्या सावलीसाठी पाहुणा येत होता ती जाते.

पाण्याचा ताळेबंद

कोकणात पाऊस धो धो पडतो, पण जांभ्याच्या जमिनीत तो टिकत नाही. जूनमध्ये तुडुंब भरणारी विहीर एप्रिलमध्ये तळ गाठते आणि मे महिन्यात अनेक वाड्या-वस्त्यांवर टँकर फिरतात. नारळ-पोफळीच्या वाडीला शिंपणे लागते ते नेमके याच काळात आणि पाहुण्यांची गर्दीही याच काळात.

एक ढोबळ हिशेब उद्बोधक ठरावा. ग्रामीण घराला माणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, हे जलजीवन मिशनचे उद्दिष्ट आहे. शहरी पाणीपुरवठ्याचे प्रचलित मान माणशी १३५ लिटर आहे. शहरातून आलेला माणूस शहरी सवयीनेच पाणी वापरतो, असे धरले तर वीस पाहुण्यांच्या घराला दिवसाला २७०० लिटर पाणी लागेल. उन्हाळ्यात ठिबकाने पाणी दिलेल्या माडाला रोज सुमारे ३० ते ४० लिटर लागतात. म्हणजे वीस पाहुण्यांचे एका दिवसाचे पाणी हे सत्तर-ऐंशी माडांचे पाणी झाले. त्यात तरणतलावाची भर पडली की हिशेब कोठे जाईल, हे सांगण्याची गरज नाही. समुद्रकाठच्या विहिरींतून उपसा वाढला तर खारे पाणी आत शिरण्याचा धोका असतो. एकदा विहीर मचूळ झाली की बाग आणि पाहुणचार दोन्ही तिथेच संपतात.

सांडपाण्याचा प्रश्नही याच विहिरीशी येऊन थांबतो. किनाऱ्याची जमीन वाळूची. शोषखड्ड्यातले पाणी तीतून झपाट्याने झिरपते. एका कुटुंबापुरत्या बांधलेल्या खड्ड्यावर सहा खोल्यांची स्वच्छतागृहे जोडली आणि विहीर वीस पावलांवर असली, तर परिणाम उघड आहे. याउलट मोरीचे पाणी केळीला आणि माडाच्या आळ्यात सोडण्याची पद्धत कोकणात जुनीच. न्हाणीघरांचे पाणी साध्या गाळणीतून वाडीला फिरवले, तर पाहुणा बागेचा वाटेकरी होण्याऐवजी तिचा शिंपणारा होऊ शकतो. यासाठी मोठे तंत्रज्ञान लागत नाही. बांधकामाच्या वेळीच नळ्यांची दिशा बदलावी लागते. कर्ज देणाऱ्या बँकेने किंवा नोंदणी करणाऱ्या खात्याने ही अट घातली तर तिचा खर्च मामुली आहे.

जमीन कोणाची, मोसम कोणाचा?

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाची रखडपट्टी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तथापि रस्ता सुधारत जाईल, ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या चिपी विमानतळामागोमाग सागरी महामार्गाचीही कामे होतील, तसतशी किनाऱ्यालगतच्या जमिनीची मागणी वाढणार, हे निश्चित आहे. अलिबाग-नागाव परिसरात वाड्यांच्या जागी शहरी धनिकांचे बंगले कसे आले, हे सर्वांसमोर आहे. गोव्यातील किनारी गावांनीही हा अनुभव आधी घेतला. विकत घेणारा जमिनीला नारळाच्या हिशेबाने नव्हे, तर समुद्राच्या अंतराने किंमत देतो. त्या किमतीपुढे कुठल्याही बागेचे उत्पन्न टिकणार नाही.

किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेने स्थानिक रहिवाशांना घराचे जोते, रचना आणि दर्शनी भाग न बदलता घरगुती निवासाची मुभा दिली आहे. तिच्यामागचा विचार नेमका आहे. घर घरच राहावे, त्याचे हॉटेल होऊ नये. प्रत्यक्षात मात्र नियम पाळून दोन खोल्या चालविणारे कुटुंब आणि पळवाटा शोधून वीस खोल्या उभारणारा व्यावसायिक हे दोघेही आरक्षणाच्या संकेतस्थळावर ‘होम स्टे’ या एकाच नावाखाली दिसतात. कमी भावात जास्त सोयी देणारा दुसरा पुढे जातो आणि पहिल्याला खोल्या वाढवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ही स्पर्धा बागेच्या जमिनीवर लढली जाते.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० च्या सप्टेंबरमध्ये मंजूर झाले. किमान एक एकर शेतीची अट घालून शेतकऱ्याला नोंदणीकृत केंद्र चालविण्याची वाट त्याने मोकळी केली. त्याआधी २००५ पासून बारामतीजवळच्या पळशीवाडीत रुजलेल्या प्रयोगाने या कल्पनेला महाराष्ट्रात ओळख मिळवून दिली होती. धोरणाचा हेतू चांगला आहे. परंतु केंद्र सुरू झाल्यानंतर त्या एकरातील झाडांचे काय झाले, हे पाहण्याची यंत्रणा प्रभावी नाही. पर्यटन खाते खोल्या मोजते, कृषी खाते झाडे मोजते, महसूल खाते सातबारा पाहते. घर चालवणारे कुटुंब मात्र एकच असते.

या बाबतीत इटलीचे उदाहरण लक्षणीय आहे. तेथे ‘अग्रितुरिस्मो’साठी १९८५ साली स्वतंत्र कायदा झाला आणि २००६ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. दोन्हींचा गाभा असा की शेती मुख्य आणि पाहुणचार तिला जोडलेला. शेतीच्या कामाला लागणारा वेळ आणि पाहुण्यांसाठी लागणारा वेळ यांची तुलना करून हा संबंध तपासला जातो. ताटात वाढल्या जाणाऱ्या अन्नात स्वतःच्या शेतातील आणि परिसरातील उत्पादनाचा मोठा वाटा असावा, अशीही अपेक्षा असते. शेती थांबवली तर पाहुणचाराचा परवाना आणि त्यासोबतच्या सवलती टिकत नाहीत. तो कायदा जसाच्या तसा इथे आणावा असे कोणी म्हणणार नाही. तिथली शेते मोठी, इथली तुकड्यातुकड्यांची. पण सवलत खोलीला नव्हे, चालू शेतीला, हे तत्त्व मात्र घेण्यासारखे आहे.

झाडाला किंमत आली तर

बागायतदाराला झाडे राखण्याचा उपदेश करून काही साधणार नाही. शहरी पाहुण्याच्या डोळ्यांना गारवा मिळावा म्हणून तोट्यातली वाडी सांभाळणे ही कोणाची जबाबदारी नाही. झाड राखणे घराला परवडले, तरच ते राखले जाईल. यासाठी मुद्रा किंवा अन्य योजनेतून मिळणाऱ्या कर्जाचा व्याजदर बागेशी जोडता येईल. खोल्यांबरोबर वाडीची पुनर्लागवड, सांडपाण्याचा पुनर्वापर किंवा पावसाचे पाणी साठवण्याची टाकी असेल तर व्याजात सूट, असे सूत्र अवघड नाही. फळपीक विम्याचा कालावधी मोसमाच्या बदलत्या रूपाशी जुळवून घेणे हा त्याचाच दुसरा भाग. दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि त्याचे वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र यांनी ‘रत्ना’, ‘सिंधू’ यांसारखे आंब्याचे वाण आणि काजूचे अनेक वाण दिले. मोहोर ते काढणी या काळात पाहुणे असलेल्या बागेतील फवारणीचे सुरक्षित वेळापत्रक तयार करणे हे याच संस्थांच्या आवाक्यातले काम आहे.

काही गोष्टी व्यावसायिकांच्या हाती आहेत. गावातील चार घरांनी मिळून पाहुण्यांची वाटणी करून घेतली, तर प्रत्येकाला स्वतंत्र आठ खोल्या बांधाव्या लागत नाहीत. काढणीच्या आठवड्यात निम्म्याच खोल्या देऊन त्याच पाहुण्यांना आंब्याच्या पेट्यांची आगाऊ नोंदणी करता येते. आमसुले, आंबापोळी, काजूगर यांचा भाव खोलीच्या भाड्यात मिसळून टाकण्याऐवजी वेगळा मांडला, तर ते करणाऱ्या हातांची मजुरी दिसू लागते आणि खळे मोटारींना देण्याआधी विचार होतो.

आणि काही गोष्टी पाहुण्यांच्या हाती आहेत. घरगुती निवासात वातानुकूलन, तरणतलाव आणि पंजाबी जेवण यांची अपेक्षा ठेवायची आणि मग ‘कोकण आता पूर्वीसारखे राहिले नाही’ अशी तक्रार करायची, यात विसंगती आहे. जे मागितले जाते तेच पुरवले जाते. एप्रिलमध्ये बादलीभर पाण्यात आंघोळ करणारा, फवारणीच्या दिवशी किनाऱ्यावर फिरून येणारा आणि परतताना दोन डझन आंबे बागायतदाराकडूनच घेणारा पाहुणा कोणत्याही धोरणाइतकाच उपयोगाचा आहे.

कोकणचा वसंत हा आजवर विनामूल्य मिळाला. मोहोराच्या वासाचे, पोफळीच्या सावलीचे, विहिरीच्या गार पाण्याचे बिल कोणी लावले नाही, म्हणून त्याला किंमत नाही असा समज झाला. ती किंमत बागायतदाराचे कुटुंब आतापर्यंत आपल्या श्रमांतून भरत आले आहे. तापमान वाढत आहे, पाऊस वेळा बदलत आहे आणि जमिनीला दुप्पट दाम देणारा गिऱ्हाईक दारात उभा आहे, अशा वेळी त्याने यापुढेही ती एकट्याने भरावी ही अपेक्षा गैर ठरेल. खोल्यांसाठी कर्जाची दारे उघडली, हे चांगले झाले. त्याच दारातून बागेसाठीही काही आत आले पाहिजे. अन्यथा आणखी दहा-पंधरा वर्षांनी किनाऱ्यावर राहण्याची सोय उत्तम असेल, पण तिथे येऊन राहावे असे कारण शोधावे लागेल.